जुळवून कोणी घ्यायचं?

१६७४ च्या मे महिन्यात ईस्ट इंडिया कंपनीचा वकील हेन्री ऑक्झिंडेन मुंबईहून रायगडाकडे निघाला. त्याच्याजवळ नजराण्याच्या वस्तू होत्या, कराराच्या कलमांची यादी होती आणि सोबत नारायण शेणवी हा दुभाषी होता. छत्रपती शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाचा सोहळा त्याने डोळ्यांनी पाहिला, पण तो आला होता व्यापारासाठी. राजापूरच्या वखारीची नुकसानभरपाई, राज्यात वखारी काढायची मुभा, मालावरची जकात हे त्याचे विषय. दरबारातल्या निराजी पंडितांमार्फत चाललेल्या बोलण्यांत बहुतेक कलमांवर एकमत झालं, अडलं ते दोन ठिकाणी. इंग्रजांचं नाणं राज्यात चालावं, ही एक मागणी. त्यावर उत्तर मिळालं की कोणत्याही नाण्याला बंदी नाही, पण रयतेला तोटा होईल असं नाणं घ्यायची सक्ती करता येणार नाही. वादळात सापडून किनाऱ्याला लागलेल्या जहाजांचा माल इंग्रजांना परत मिळावा, ही दुसरी. ती कोकणच्या जुन्या रिवाजाविरुद्ध होती, आणि एकाला सवलत दिली तर फ्रेंच, डच सगळेच ती मागतील, असं कारण देण्यात आलं.

जॉन फ्रायर या इंग्रज डॉक्टरचं प्रवासवर्णन १६९८ मध्ये छापून निघालं. त्यात याच मुक्कामातली आणखी एक हकिकत आहे. इंग्रजांना बकऱ्याचं मांस पुरवणारा म्हातारा खाटीक, एवढं मांस खाणारी ही माणसं आहेत तरी कोण, हे पाहायला मुद्दाम गड चढून आला होता.

परक्या माणसाशी व्यवहार करताना जे जे समोर उभं राहतं ते बहुतेक सगळं या एका मुक्कामात सापडतं. दुभाष्यावर टाकावा लागणारा भरवसा, नजराणा कोणाला आणि केवढा द्यायचा याची चिंता, भेटीसाठी पाहावी लागणारी वाट, ताटातला फरक. पण अडलेली दोन कलमं नीट पाहिली तर त्यांचा स्वभाव निराळा दिसतो. जहाजांच्या मालाबद्दलचा नकार रिवाजातून आला होता, त्याला पुढच्या हिशोबाचीही जोड होती. नाण्याबद्दलचं उत्तर मात्र निव्वळ रयतेच्या हिताचं होतं, तिथे रीतिरिवाजाचा काही संबंध नव्हता. समोरच्याचं वागणं कुठपर्यंत त्याच्या रीतीतून येतं आणि कुठून पुढे त्याच्या नफ्यातोट्यातून, हे ओळखणं ही या विषयातली सर्वांत अवघड गोष्ट. प्रस्तुत पुस्तक त्याच प्रश्नावर उभं आहे.

शतकानुशतकं व्यापारी, खलाशी, दुभाषे आणि दलाल हे सगळं टक्केटोणपे खात शिकले. त्याचं शास्त्र व्हायला विसाव्या शतकाचा मध्य उजाडावा लागला, आणि ते जन्मलं सत्तेच्या गरजेतून. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेची माणसं जगभर पसरली. त्यांना लोकांची भाषा येईना, आणि भाषा आली तरी लोक कळेनात. परराष्ट्र खात्याने १९४७ मध्ये फॉरेन सर्व्हिस इन्स्टिट्यूट सुरू केली. तिथे शिकवायला गेलेल्या मानववंशशास्त्रज्ञांत एडवर्ड हॉल होते. तरुणपणी त्यांनी नावाहो आणि होपी या मूलनिवासी समाजांच्या वस्त्यांवर काम केलेलं होतं. वर्गातल्या अधिकाऱ्यांना नातेव्यवस्थेचे सिद्धांत नको होते. मंत्र्याने तासभर ताटकळत ठेवलं तर तो अपमान समजायचा का? बोलताना समोरचा माणूस इतका अंगाशी का येतो? त्यांचे प्रश्न असे रोजचे होते. हॉल यांनी मग वेळ, अंतर, मैत्री आणि शब्द पाळण्याची रीत यांकडे लक्ष वळवलं. १९५९ मध्ये त्यांचं ‘द सायलेंट लँग्वेज’ आलं, आणि पुढच्याच वर्षी त्यातला विचार व्यापाराला लावून दाखवणारा लेख ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’त छापून आला. आंतरसांस्कृतिक संवादाच्या या विद्याशाखेची सुरुवात बहुतेक अभ्यासक तिथून मानतात.

१९७६ मध्ये ‘बियाँड कल्चर’ या पुस्तकात हॉल यांनी केलेली एक विभागणी आजही प्रत्येक प्रशिक्षण वर्गात शिकवली जाते. काही समाजांत अर्थ शब्दांत असतो. जे म्हणायचं ते म्हटलं जातं आणि कागदावर उतरतं. काही समाजांत अर्थाचा मोठा भाग शब्दांबाहेर, म्हणजे कोण बोललं, कोणासमोर बोललं, काय बोलायचं टाळलं यात असतो. मराठी वाचकाला हे समजायला जपानपर्यंत जावं लागत नाही. आपल्याकडे स्थळाला नकार कोणी तोंडावर देत नाही. पत्रिका जुळत नाही असा निरोप मध्यस्थामार्फत येतो आणि दोन्ही घरांना काय ते कळतं. जर्मन किंवा स्विस माणसाला हा प्रकार लपवाछपवीचा वाटेल. आपल्याला त्याचा थेटपणा उद्धट वाटतो. दोघेही आपापल्या घरी सभ्यच असतात.

हॉल पाहत असत, मोजत नसत. मोजमाप आणलं गीर्ट हॉफस्टेड यांनी. हा डच गृहस्थ शिक्षणाने यंत्र अभियंता, नंतर सामाजिक मानसशास्त्राकडे वळलेला. आयबीएम कंपनीत काम करत असताना त्यांच्या हाती एक खजिना लागला. १९६७ ते १९७३ या काळात कंपनीच्या देशोदेशीच्या कर्मचाऱ्यांनी भरलेल्या १,१६,००० हून अधिक प्रश्नावल्या त्यांना अभ्यासता आल्या. कंपनी एक, कामं सारखी, देश तेवढे निरनिराळे. तेव्हा उत्तरांत जो फरक दिसेल तो देशाचा, असा त्यांचा तर्क. १९८० मध्ये आलेल्या ‘कल्चर्स कॉन्सिक्वेन्सेस’ या ग्रंथात त्यांनी ४० देशांना चार मापांवर गुण दिले. वरिष्ठ आणि हाताखालचा यांच्यातलं अंतर लोकांना किती रास्त वाटतं, माणूस स्वतःला एकटा मानतो की गोताचा, स्पर्धेला मान जास्त की जिव्हाळ्याला, आणि अनिश्चिततेची भीती किती, ही ती मापं. पुढे हाँगकाँगमध्ये काम करणाऱ्या मायकेल बाँड यांच्या चिनी मूल्यांच्या अभ्यासातून दूरदृष्टीचं पाचवं माप आलं, आणि २०१० मध्ये मायकेल मिन्कोव्ह यांच्या साहाय्याने सहावं.

आकड्यांची मोहिनी मोठी असते. वरिष्ठांपासूनच्या अंतराच्या मापावर भारताला ७७ गुण, अमेरिकेला ४०, जर्मनीला ३५. व्यक्तिवादात अमेरिका ९१, भारत ४८. एवढी ओळ पडद्यावर दाखवली की सभागृहातल्या सगळ्यांना आपला साहेब आठवतो आणि सगळे माना डोलावतात. पण हा ७७ आला कुठून? आयबीएमच्या भारतातल्या नोकरदारांकडून. म्हणजे त्या काळातल्या इंग्रजी शिकलेल्या, शहरी, बहुतांश पुरुष मंडळींकडून. १९७८ मध्ये तर विदेशी भांडवलाच्या नियमांवरून आयबीएम भारतातून निघूनही गेली. एवढ्या चिंचोळ्या खिडकीतून पाहिलेला देश आजही कित्येक पाठ्यपुस्तकांत ‘भारतीय संस्कृती’ म्हणून उभा आहे. कोल्हापूरचा फाउंड्रीवाला, शिलाँगची परिचारिका आणि सुरतेचा हिरेव्यापारी यांचा एकच आकडा! आणि हा आकडा जातीबद्दल काहीच बोलत नाही. भारतीय कचेरीत कोण कोणासमोर बोलतो आणि कोण गप्प बसतो, याचं उत्तर जातीला वगळून देता येत नाही, हे इथे काम केलेल्या कोणालाही ठाऊक आहे.

ब्रेंडन मॅकस्वीनी यांनी २००२ मध्ये ‘ह्यूमन रिलेशन्स’ या नियतकालिकात हॉफस्टेड यांच्या पायावरच घाव घातला. एका कंपनीतले मूठभर लोक देशाचे प्रतिनिधी कसे, आणि देश म्हणजेच संस्कृती हे गृहीत कोणी सिद्ध केलं, असे त्यांचे सवाल होते. हॉफस्टेड यांनी उत्तर दिलं, वाद चालू राहिला. या वादात पूर्ण एका बाजूला उभं राहणं कठीण आहे. सरासरीला अर्थ असतो. मात्र ती गर्दीबद्दल बोलते, समोर बसलेल्या माणसाबद्दल नाही, आणि हे भान स्वतः हॉफस्टेड यांनी वारंवार दिलं होतं. त्यांच्या आकड्यांवर पोट भरणाऱ्यांनी ते ऐकलं नाही.

पुढचे प्रवाह भराभर सांगता येतील. फोन्स ट्रॉम्पेनार्स आणि चार्ल्स हॅम्पडेन-टर्नर यांनी व्यवस्थापकांसमोर पेचप्रसंग ठेवले. मित्राच्या भरधाव गाडीने पादचाऱ्याला उडवलं, शेजारी बसलेले साक्षीदार तुम्ही. न्यायालयात मित्रासाठी खोटं बोलाल का? रॉबर्ट हाउस यांच्या नेतृत्वाखालच्या ‘ग्लोब’ प्रकल्पाने ६२ समाजांतल्या सुमारे १७,००० व्यवस्थापकांना विचारलं, आणि एक मोलाची गोष्ट केली: ‘आहे ते कसं’ आणि ‘असायला हवं ते कसं’ हे प्रश्न वेगळे केले. उत्तरांतून दिसलं की वरिष्ठांचा दरारा जवळजवळ सगळीकडे भरपूर आहे आणि तो कमी व्हावा असं जवळजवळ सगळ्यांनाच वाटतं. म्हणजे ‘तुमच्याकडे लोकांना हेच आवडतं’ हे वाक्य बरेचदा साहेबाच्या सोयीचं असतं. आपल्याकडे पाटण्याच्या ए. एन. सिन्हा समाजविज्ञान संस्थेत जय बी. पी. सिन्हा यांनी पाश्चात्त्य मापांची वाट न धरता निराळा प्रश्न विचारला होता. भारतीय माणूस कोणत्या साहेबासाठी जीव तोडून काम करतो? १९८० च्या त्यांच्या ग्रंथातलं उत्तर असं, की जो माया करतो पण कामात ढिलाई चालवून घेत नाही, आणि माणूस तयार झाला की हात सोडतो, अशा साहेबासाठी. हे संशोधन मराठी व्यवस्थापनवर्गांत जवळपास शिकवलंच जात नाही, याची खंत वाटते.

या सगळ्याला छेद देणारा विचारही होता. १९८३ मध्ये थिओडोर लेव्हिट यांनी मांडलं की तंत्रज्ञानामुळे जगाच्या आवडीनिवडी एक होत चालल्या आहेत आणि कंपन्यांनी सगळीकडे एकच माल विकावा. १९९४ मध्ये केलॉग्ज तळोज्याच्या कारखान्यातून भारतीय न्याहारीच्या टेबलावर उतरली ती याच आत्मविश्वासाने. इथे दूध तापवून, गरम प्यायलं जातं. गरम दुधात कुरकुरीत कॉर्नफ्लेक्सचा लगदा होतो. शिवाय सकाळी पोहे, उपमा, पराठा खाणाऱ्याला ही न्याहारी महागही वाटत होती. कंपनी टिकली, पण चव, दर आणि वेष्टनाचा आकार बदलून. २००१ मध्ये पंकज घेमावत यांनी लेव्हिटना जणू उत्तरच दिलं. दोन देशांमधलं अंतर चार प्रकारचं असतं, सांस्कृतिक, प्रशासकीय, भौगोलिक आणि आर्थिक, आणि यातलं एकच धरून बसणारा फसतो.

घेमावतांचा हा इशारा वॉलमार्टच्या जर्मनीतल्या कहाणीला नेमका लागू पडतो. ही कंपनी १९९७ मध्ये तिथे गेली आणि २००६ मध्ये ८५ दुकानं मेट्रो समूहाला विकून बाहेर पडली. दारात हसून स्वागत करणारा नोकर जर्मन गिऱ्हाइकाला आगाऊ वाटला, ही गोष्ट प्रत्येक पुस्तकात असते आणि ती खरीही आहे. पण आल्डी आणि लिडल यांनी किमती आधीच तळाला नेल्या होत्या. तोटा सोसून माल विकायला तिथल्या स्पर्धा नियामकाने मनाई केली होती. आणि सहकाऱ्यांच्या आपसातल्या संबंधांवरही बंधनं घालणारी कंपनीची आचारसंहिता जर्मन कामगार न्यायालयात टिकली नाही. हसणं हा त्यातला सर्वांत छोटा भाग होता. सांगायला सोपा म्हणून तो मोठा झाला. डेमलर आणि क्रायस्लरचं तसंच. १९९८ च्या त्या विलीनीकरणाच्या अपयशाचं खापर जर्मन शिस्त आणि अमेरिकन मोकळेपणा यांवर फोडलं जातं. पण २००० मध्ये ‘फायनान्शिअल टाइम्स’ला दिलेल्या मुलाखतीतून डेमलरचे प्रमुख युर्गेन श्रेम्प यांनी स्पष्ट केलं की बरोबरीची भागीदारी हा हेतू मुळात नव्हताच. भागीदार म्हणून बोलावून हाताखाली बसवलं तर कोणत्या संस्कृतीचा माणूस मनापासून काम करेल?

इथे विमानांच्या दोन अपघातांकडे वळायला हवं, कारण या विषयातला सर्वांत खोल दोष तिथे उघडा पडतो. ६ ऑगस्ट १९९७ रोजी कोरियन एअरचं विमान ग्वाम बेटावर उतरताना डोंगरावर आदळलं आणि २२८ माणसं गेली. कोरियन समाजातल्या श्रेणीबद्ध अदबीमुळे सहवैमानिक कप्तानाला ठामपणे टोकू शकला नाही, हे स्पष्टीकरण पुढे जगभर गाजलं. त्याच्या वीस वर्षं आधी, २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफच्या धावपट्टीवर केएलएमचं विमान पॅन अ‍ॅमच्या विमानावर धडकलं. ५८३ माणसं मेली. हवाई इतिहासातला हा सर्वांत भीषण अपघात. पुढचं विमान धावपट्टीवरून हटलं आहे ना, अशी शंका केएलएमच्या फ्लाइट इंजिनिअरने कॉकपिटमध्ये बोलून दाखवली होती. ज्येष्ठ कप्तानाने ती उडवून लावली. हॉफस्टेड यांच्या मापावर ज्यांना वरिष्ठांचं दडपण फारसं नाही, त्या नेदरलँड्सचा हा चालकवर्ग होता. तरीही ‘डच संस्कृतीमुळे विमान पडलं’ असं कोणी लिहिलं नाही. एकाची चूक माणसाची ठरली, दुसऱ्याची समाजाची.

सबलाची सवय ‘व्यावसायिक शिस्त’ म्हणून ओळखली जाते आणि दुर्बळाची ‘संस्कृती’ म्हणून. जुळवून घेण्याचं ओझंही मग त्याच्याच खांद्यावर येतं. हे पुस्तक लिहिलं गेलं त्यामागे ही तळमळ आहे आणि पानोपानी ती जाणवते. दोन हजार सालाच्या आसपास मुंबई, पुणे, गुडगाव इथल्या कॉल सेंटरांत हजारो मुला-मुलींनी रात्री जागून अमेरिकन उच्चार गिरवले आणि स्वतःची नावं बदलून फोन घेतले. समोरच्या गिऱ्हाइकाला भारतीय उच्चार समजून घ्यायचं प्रशिक्षण कोणी दिलं नाही, ते कोणाला सुचलंही नाही.

हे उलटंही होऊ शकतं. २०१० मध्ये जपानच्या राकुतेन कंपनीचे प्रमुख हिरोशी मिकितानी यांनी इंग्रजी ही कंपनीची भाषा केली. उपाहारगृहातल्या पदार्थांच्या याद्यासुद्धा बदलल्या. दोन वर्षांत परीक्षेत ठरावीक गुण मिळवा, नाहीतर पदावनती, असा नियम होता. हार्वर्डच्या त्सेडल नीली यांनी या प्रयोगाचा काही वर्षं पाठपुरावा केला. जपानी नोकरदारांचे हाल झाले हे अपेक्षितच होतं. अनपेक्षित होतं ते अमेरिकेतल्या कर्मचाऱ्यांचं. आपलीच भाषा आली म्हणून ते आधी खूश होते; मग त्या भाषेवर स्वार होऊन जपानी कार्यपद्धती त्यांच्या टेबलापर्यंत पोचली, नावाच्या बिल्ल्यापासून स्वतःची जागा स्वतः साफ करण्यापर्यंत. भाषा एकाची, रीत दुसऱ्याची, आणि जुळवून घेणं दोघांचं. टाटा मोटर्सने २००४ मध्ये कोरियातल्या गुन्सान शहरातली देऊची ट्रक कंपनी १०.२ कोटी डॉलरला घेतली, तेव्हा बोली लावण्याआधीच माहितीपत्रकं कोरियन भाषेत करून घेतली होती. कामगार आणि स्थानिक अधिकाऱ्यांशी आधी बोलणं झालं होतं, आणि नंतर कारभारही कोरियन प्रमुखाकडेच राहिला. विकत घेणाऱ्यालाही दोन पावलं चालता येतात.

महाराष्ट्राला या विषयाचा सर्वांत महागडा धडा मिळाला तो गुहागर तालुक्यात. अमेरिकन कंपनी एन्रॉनच्या दाभोळ प्रकल्पाचा समझोता १९९२ चा, वीजखरेदीचा करार १९९३ चा, आणि १९९५ मध्ये नव्या राज्य सरकारने तो रद्द केला. त्याच वर्षी कंपनीच्या एका अधिकारी महिलेने अमेरिकन काँग्रेसच्या समितीसमोर सांगितलं की प्रकल्प उभारणीच्या प्रक्रियेत भारतीयांच्या ‘शिक्षणावर’ आपण दोन कोटी डॉलर खर्च केले. तिथे हे परिश्रमाचं वर्णन म्हणून बोललं गेलं; इथे ते लाचेची कबुली आणि राष्ट्राचा अपमान म्हणून वाचलं गेलं. संवादाच्या अपयशाचं यापेक्षा ठळक उदाहरण शोधून सापडणार नाही. तरी दाभोळचं मूळ दुखणं विजेच्या दराचं होतं. राज्य वीज मंडळाला न परवडणारी वीज डॉलरशी जोडलेल्या दराने घ्यायची, या कराराला उत्तम शिष्टाचार जाणणारा अधिकारीही वाचवू शकला नसता. रद्द झालेला करार पुढे नव्याने झाला, पण २००१ मध्ये मंडळाने वीज घेणं थांबवलं आणि डिसेंबरात एन्रॉन अमेरिकेतच दिवाळखोर झाली.

नाशिकच्या द्राक्षांची गोष्ट याच्या उलट टोकाची आहे, आणि या विषयावरच्या पुस्तकांत ती अजून आलेली नाही. बागेत येऊन मणी तोंडात टाकणारा, उधारी-उसनवारीने बांधलेला व्यापारी ही शेतकऱ्याची जुनी दुनिया. युरोपचं सुपरमार्केट त्याला कधी भेटत नाही. ते कागद मागतं. २००३ मध्ये कीटकनाशकांच्या अंशांवरून माल नाकारला गेला, तेव्हा शेतमाल निर्यातीचं काम पाहणाऱ्या अपेडा या सरकारी संस्थेने अंश-तपासणीची योजना आखली. २००६ मध्ये ‘ग्रेपनेट’ आलं आणि पेटीवरच्या क्रमांकावरून थेट बागेपर्यंत माग काढता येऊ लागला. तरीही २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइडचे, म्हणजे शेतकऱ्यांच्या तोंडी असलेल्या ‘लिहोसिन’चे अंश सापडून मोठा फटका बसला, कारण तपासायच्या रसायनांच्या यादीतच ते नव्हतं. त्यातून सावरून दिंडोरी, निफाडच्या शेतकऱ्याने फवारणीची वही ठेवायची सवय लावून घेतली. ज्याला आयुष्यात कोणी ‘आंतरसांस्कृतिक प्रशिक्षण’ दिलं नाही, त्याने अनोळखी माणसाचा विश्वास कागदावर कसा कमवायचा हे स्वतः शिकून घेतलं. सातवी-आठवी शिकलेल्या माणसाची ही कमाई व्यवस्थापनशास्त्राच्या नजरेत यायला हवी होती.

आज हे सगळं घरात आलं आहे. २०२४ मध्ये भारतात परदेशी कंपन्यांची १,७०० हून अधिक जागतिक कार्यकेंद्रं होती, त्यांत १९ लाखांच्या आसपास माणसं काम करत होती, आणि पुणे हे त्यातलं एक मोठं ठाणं आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. त्याच वर्षी जर्मनीने भारतीय कुशल कामगारांसाठीच्या व्हिसांची मर्यादा वर्षाला २०,००० वरून ९०,००० वर नेली. यापुढे लातूरची परिचारिका आणि सांगलीचा वीजतंत्री स्टुटगार्टला जाणार. जर्मन भाषेचा वर्ग त्यांना व्याकरण देईल. वृद्धाश्रमातल्या जर्मन आजोबांनी औषध नको म्हटलं तर समजूत घालायची की नोंद करून निघून यायचं, वरिष्ठ परिचारिकेची चूक दिसली तर तिथेच सांगायची की नंतर, सुट्टीच्या दिवशी आलेला कामाचा फोन घ्यायचा की नाही, हे तिला कोण सांगणार? आणि तिच्या जर्मन वरिष्ठांना तिच्याबद्दल कोण सांगणार?

‘भेटकार्ड दोन्ही हातांनी द्या, अरबाला तळवा दाखवू नका’ अशा याद्यांची पुस्तकं इंग्रजीत ढिगाने मिळतात. वाचकाने तशी अपेक्षा ठेवून हे पुस्तक उघडू नये. इथे प्रत्येक प्रसंग उलगडताना तीन गोष्टी पुन्हा पुन्हा विचारल्या आहेत. नकार द्यायचा हक्क कोणाला होता? वाट कोणाला पाहावी लागली? आणि गैरसमजाची किंमत कोणाच्या खिशातून गेली? हॉल आणि हॉफस्टेड यांची मापं पुस्तकात आहेत, पण ती उत्तरं म्हणून नाहीत, चौकशीची सुरुवात म्हणून आहेत. आणि पुस्तक मराठीत लिहिण्याला कारण आहे. या विषयावरचं जवळजवळ सगळं लेखन ‘तिकडून इकडे’ येणाऱ्या व्यवस्थापकासाठी झालं. त्यात आपण वर्णनाचा विषय असतो, वाचक नसतो.

मात्र या बाजू बदलाव्या लागतील. बजाजची बॉक्सर मोटारसायकल नायजेरियात, युगांडात टॅक्सी म्हणून धावते. तिच्यावर असंख्य कुटुंबांची चूल पेटते. त्या टेबलावर पुण्याची कंपनी सबल आहे आणि कम्पालाचा वितरक दुर्बळ. मालाचे निर्णय आकुर्डीत होतात, सुट्ट्या भागांची वाट तो पाहतो. आणि पुण्यात गेली कित्येक वर्षं आफ्रिकी देशांतले विद्यार्थी शिकायला येतात. कोथरूड-औंधात भाड्याची खोली शोधताना त्यांना काय ऐकून घ्यावं लागतं, हे शहराला माहीत आहे. यातलाच एखादा उद्या तिकडचा खरेदी अधिकारी होतो. या नात्याबद्दल मराठीत अजून फारसं लिहिलं गेलेलं नाही. पुस्तकाचा सर्वांत मोठा भाग लेखकाने त्यालाच दिला आहे, आणि त्यात प्रश्न आपल्याला विचारलेले आहेत.